माझ्या पोटातल्या गुळण्या

मित्रांनो, मी एक जुनी, ओरखडे पडलेली सीडी आहे आणि माझ्या पोटात एक माणूस गुळण्या करतो. हसलात ना? हरकत नाही. लोकांनी हसावे म्हणूनच मला बनवले आहे. पण हसून झाले म्हणून उठून जाऊ नका, कारण माझी खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे.

तुमच्यातल्या काहींनी सीडी कधी हातात धरलीही नसेल. चहाच्या बशीएवढी गोल, मधे बोट जाईल एवढे भोक, एका अंगाला चित्र आणि दुसऱ्या अंगाला आरसा, अशी आमची जात. कारखान्यात प्लास्टिकचे पारदर्शक दाणे वितळवून साच्यात दाबले आणि चार-पाच सेकंदांत मी जन्माला आले. इतके झटपट उरकलेले बाळंतपण मी तरी दुसरे ऐकलेले नाही. माझ्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे आहेत आणि त्यांत आवाज साठवलेला आहे. खळग्यांवर चंदेरी मुलामा, त्यावर वार्निशचा एक थर आणि त्यावर थेट चित्र. प्लेअरमधला किरण आरशाच्या बाजूने आत शिरतो, खळगे वाचतो आणि आवाज बाहेर पडतो. त्यामुळे सगळ्यांना वाटते की आमचा जीव आरशाच्या बाजूला असणार. पण तो असतो चित्राच्या अगदी खाली, कांद्याच्या सालीहून पातळ अशा त्या मुलाम्यात. भल्याभल्यांना हे ठाऊक नसते, आणि माझ्या गोष्टीतल्या सगळ्यात भल्या बाईंनाही ते ठाऊक नव्हते.

माझ्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'गुळण्या आणि इतर संगीत'. खाली लांब मानेच्या, गाल फुगवलेल्या एका माणसाचे चित्र आहे. हा नकलाकार. लोक त्याला लाडाने घसेबुवा म्हणत. एका छोट्या सभागृहात, शे-दीडशे माणसांसमोर त्याने अकरा नकला केल्या आणि त्या जशाच्या तशा माझ्यात उतरवल्या. वाद्य एकही नाही. जे काही ऐकू येते ते सगळे त्याच्या घशातून, ओठांतून आणि गालांतून. सांधेदुखीने कुरकुरणारा पंखा आहे. लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता उभे असलेले सात जण आहेत आणि त्यातल्या एकाच्या पोटात गुरगुरते आहे. झोपलेल्या बाळाजवळून नव्या करकरीत बुटांनी जाणारा बाप आहे.

पण नाव झाले ते नवव्या नकलेचे. भिंतीपलीकडचा शेजारी सकाळी गुळण्या करतो आहे. सुरुवात खालच्या सुरात, मग हळूहळू वर, गवई रियाजाला बसल्यासारखा. सूर अगदी शिखरावर पोहोचतो आणि नेमकी दाराची घंटा वाजते. दारात दूधवाला. शेजाऱ्याच्या तोंडात पाणी. थुंकावे तर मोरी लांब, बोलावे तर पाणी सांडणार. मग तो तोंडातल्या पाण्यासकट बोलतो. दूधवाला विचारतो, किती लिटर? हा गुळण्यांतूनच 'एक' म्हणतो. दूधवाल्याला कळत नाही. हा पुन्हा 'एक' म्हणतो, जरा चिडून. आणि मग गटकन आवाज होतो. पाणी पोटात. थोडा वेळ काहीच नाही आणि मग अगदी बारीक आवाजात, 'अरेरे'. त्यावर सभागृह असे काही हसते की ते हसूच मुळी पाऊण मिनिटाचे आहे.

अशा माझ्या पाचशेच बहिणी निघाल्या. तेवढ्याच खपतील की नाही, याचीही कारखान्याला शंका होती.

माझा पहिला मालक दंतवैद्य होता. गुळण्यांची सीडी दंतवैद्याने घ्यावी यात नवल ते काय! दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मी रोज वाजत असे. गाल सुजलेली माणसे हसली की त्यांची कळ वाढायची आणि कळ वाढली तरी हसू थांबायचे नाही. डॉक्टर दात भरून झाला की रुग्णाला सांगत, 'बाहेरचा नववा नंबर ऐका आणि घरी तशाच गुळण्या करा. पाणी मात्र गिळू नका.' फार सुखाचे दिवस होते ते. फक्त तिथल्या मदतनीस बाई मला प्लेअरमधून काढून टेबलावर पालथी टाकत, त्यामुळे माझा आरसा हळूहळू खरवडला गेला. डबी मात्र कपाटात जपून ठेवलेली, नवी कोरी राहिली. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि दात कोरायच्या यंत्राबरोबर मीही जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले.

तिथे मला चष्मेवाल्या मावशींनी शोधून काढले.

मावशींविषयी किती सांगू! त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. पुढे काउंटर, मागे काचा घासायचे चाक, आणि त्याच्याही मागे एक खोली. दुकानात अक्षरांचा तक्ता आणि चष्म्यांच्या रांगा, पण त्या मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत विनोदी सीडी. नुसते विनोद सांगणाऱ्यांच्याच नव्हेत. शिंकांचे चोपन्न प्रकार होते. रबराच्या पट्ट्यांवर वाजवलेल्या चाली होत्या. कंटाळवाण्या पाहुण्यांना घालवण्यासाठी लावायचे आवाज होते. लवकर झोप लागावी म्हणून ध्वनिमुद्रित केलेले एक अध्यक्षीय भाषण होते आणि ते ऐकून आजवर कुणीही झोपले नव्हते, सगळे हसत सुटले होते.

शेजारीपाजारी म्हणत, मावशींच्या डोक्याचाच नंबर बदलला आहे. लोक चांगली गाणी जमवतात, ही बाई शिंका जमवते. मावशी कधी वाद घालत नसत. एकदाच एका गिऱ्हाइकाने फारच छेडले, तेव्हा त्या काच घासता घासता म्हणाल्या, "शहाण्यांनी केलेलं सगळे जपतात हो. वेडगळपणा कोण जपणार? लोक हसतात आणि टाकून देतात."

हे वाक्य मी भिंतीवरून ऐकले आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

त्यांच्या हाताला वळण होते. सीडी धरायची तर कडेनेच, काच धरतात तशी. पुसायची तर चष्म्याच्या मऊ फडक्याने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. आणि एक नियम त्यांनी कधी मोडला नाही, विनोदी सीडी एकट्याने ऐकायची नाही. कुणी नसले तर त्या काकांना बोलावत. काका म्हणजे त्यांचे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर. विनोद कानावर पडला की काका आधी तो मनात तपासून पाहत, बरोबर आला तरच हसत. त्यामुळे ते सगळ्यांच्या नंतर आणि एकटेच हसायचे, आणि मग त्यांना बघून मावशी दुसऱ्यांदा हसायच्या.

अशी चार वर्षे गेली आणि एका रद्दीच्या दुकानात मावशींना माझीच एक बहीण सापडली. वेष्टनही न फोडलेली, पण पुस्तकांच्या ढिगाखाली दबून तिची डबी तडकलेली. आता छंदिष्टांची एक रीत असते मित्रांनो. एकाच सीडीच्या दोन प्रती आल्या की त्यांतले चांगले ते सगळे एकत्र करायचे आणि उरलेले बाहेर काढायचे. मावशींनी आम्हा दोघींना ट्यूबलाइटखाली धरले. तिचा आरसा स्वच्छ तळ्यासारखा, माझ्यावर दवाखान्याच्या टेबलाचा नकाशा. झाले. माझी कोरी डबी तिला मिळाली आणि तिची तडकलेली डबी मला. घर फिरले की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे तर घरच दुसरीला देऊन टाकले होते. खोटे कशाला बोलू, मला तिचा फार राग आला.

मावशी इतक्या टापटिपीच्या की त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या निवडक सीडींना क्रमांक द्यायचे ठरवले. छोट्या गोल चिकटपट्ट्या आणल्या, त्यांवर सुबक आकडे काढले आणि प्रत्येकीच्या चित्रावर, मधल्या भोकाजवळ, एकेक चिकटवली. आरशाला धक्का लागू नये म्हणून मुद्दाम चित्राच्या बाजूला. चष्म्याच्या काचेवरही त्या अशाच खुणेच्या पट्ट्या लावत आणि नंतर अलगद काढत. माझ्या बहिणीला एकशे सत्तावीस नंबर मिळाला. मला काहीच मिळाले नाही.

मग वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी आल्या. त्यांच्या गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. चमकणारी वस्तू टांगली की कबुतरे येत नाहीत, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. एखादी वाया गेलेली सीडी आहे का, असे त्यांनी विचारले. मावशींनी मला हातात घेतले, उलटसुलट केले, थोडा वेळ तशाच धरून राहिल्या. मग दिले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे मी दुसरी होते आणि वहिनींकडे कबुतरे खरोखरच फार होती.

वहिनींनी माझ्या भोकातून दोरा ओवला आणि मला टांगले. कबुतरे घाबरली का म्हणाल, तर मुळीच नाही. एक लठ्ठ कबुतर तर माझ्यासमोर बसून आरशात बघून मान नीटनेटकी करायचे. ऊन, वारा आणि कबुतरांनी जाता जाता केलेली मेहेरबानी सोसत मी सात महिने लटकत होते. पोटात अख्खे सभागृह हसत होते आणि ऐकणारे कुणी नव्हते. त्यावेळी खूप एकटे वाटले मला. शेवटी एका वादळी दुपारी दोरा तुटला आणि मी खालच्या सायकलींच्या शेडवर, पत्र्यावर जाऊन पडले. आरशाची बाजू खाली आली. वाऱ्याने मी पत्र्यावरून सरकले आणि एका खिळ्याने मला कडेच्या जवळ, लांबलचक, खोल ओरबाडले.

मी पत्र्यावर पडून असताना खाली दुकानात काय घडले, ते मला नंतर मावशी आणि काकांच्या बोलण्यातून कळले.

दुकानात एक बाई वडिलांना घेऊन आली. ती बसमध्ये कंडक्टर होती आणि तिचा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा खणखणीत होता. वडिलांच्या गळ्याभोवती पांढरा जाळीदार रुमाल होता. ते बोलत नव्हते. हातातल्या छोट्या पाटीवर लिहून दाखवत, आणि स्वतःचेच अक्षर नीट दिसेनासे झाले म्हणून त्यांना चष्मा हवा होता. बरोबर सहा वर्षांची नात होती. पुरावा मिळाल्याशिवाय ती कशावरही विश्वास ठेवत नसे, म्हणून घरात सगळे तिला वकीलबाई म्हणत.

डोळे तपासून झाल्यावर म्हाताऱ्याने मान वर केली तेव्हा मावशींनी त्याची ती लांब मान पाहिली आणि त्या जागच्या जागी थबकल्या. तो घसेबुवा होता.

सात वर्षांपूर्वी घशाच्या आजारात त्याचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले होते. मुलीने हळू आवाजात मावशींना सगळे सांगितले. शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभराने वकीलबाईचा जन्म झाला. तिने आजोबांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. घरात पाणी शिरले तेव्हा त्यांच्या सगळ्या सीडी वाहून गेल्या होत्या. "बाबा आता नुसते बसून असतात," ती म्हणाली. "तोंडाने नाही, निदान चेहऱ्याने तरी काही करून दाखवा म्हटलं, तेही नाही. आणि ही पोरगी शाळेत सांगते की माझे आजोबा जन्मापासूनच मुके आहेत. मी म्हणते, अगं ते शेकडो आवाज काढायचे. तर म्हणते, आई थापा मारते."

मावशींनी छाती पुढे काढून सांगितले की ती सीडी त्यांच्याकडे आहे आणि उत्तम अवस्थेत आहे. येत्या रविवारी दुपारी सगळ्यांनी यावे.  

त्याच संध्याकाळी मावशींनी एकशे सत्तावीस नंबरची माझी बहीण बाहेर काढली. तिचा मान मोठा, ज्याची सीडी त्याच्यासमोर ती वाजणार. मग तिच्या अंगावर ती कागदाची चिकटपट्टी कशाला? मावशींनी नखाने पट्टीची कड उचलली आणि काचेवरची पट्टी काढावी तशी अलगद ओढली. पट्टी निघाली. पट्टीबरोबर वार्निश निघाले आणि वार्निशबरोबर चंदेरी मुलामाही निघाला. मावशींनी सीडी दिव्यासमोर धरली तर मधल्या भोकाजवळ नखाएवढ्या जागेतून पलीकडचे दिसत होते. आम्हाला वाचायची सुरुवात तिथूनच होते. त्यांनी तिला प्लेअरमध्ये घातले. प्लेअरने दोन-तीनदा चाचपले आणि सीडी नाही असे सांगितले.

आयुष्यभर काचा हाताळणाऱ्या बाईने आमचा जीव काचेच्याच बाजूला शोधला, एवढीच त्यांची चूक. त्या स्टुलावर बसल्या आणि काकांना म्हणाल्या, "दोन होत्या माझ्याकडे. चांगली होती ती मी मारली, आणि जगली असती तिला हाकलून दिलं."

काका म्हणाले, "वर जाऊन बघ तरी."

वहिनींच्या गॅलरीत तुटका दोरा होता. वहिनींना वाईट वाटले, पण मी कुठे गेले ते त्यांना माहीत नव्हते. मावशींनी गॅलरीखालचे अंगण पाहिले, कचऱ्याचे पिंप उपसले, जिन्याखालचा कोपरा झाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तिरपे झाले तेव्हा काकांना शेडच्या पत्र्यावर काहीतरी लकाकताना दिसले. शिडी आणली. पंचावन्न वर्षांच्या मावशी पदर खोचून चढल्या. काका खाली शिडी धरून ती किती अंशांत ठेवली तर घसरणार नाही ते सांगत राहिले. मावशी म्हणाल्या, तुमचे अंश राहू द्या, नुसती घट्ट धरा.

त्यांनी मला कडेने उचलले, फडक्याने चित्रावरची घाण टिपली आणि दुकानात येऊन मला दिव्यासमोर धरले. एकही छिद्र नव्हते. माझ्या अंगावर नंबर चिकटवावा अशी माझी लायकी कुणाला वाटली नव्हती, म्हणून मी वाचले होते. मावशींनी मला कपाळाला लावले. मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा राग निघून गेला.

पुढचे तीन दिवस दुकानाच्या दुपारच्या सुट्टीत मावशी मला घासत होत्या. काचा घासायच्या चाकावर धरले असते तर मी तापून वाकडी झाले असते, म्हणून त्यांनी हातानेच, काचेला झिलई देतात त्या पांढऱ्या द्रवाचे थेंब घेऊन, मधून कडेकडे, एकेक ओरखडा विझवत नेला. खांदा दुखला की हात बदलत. काका जेवायला हाका मारत आणि त्या 'आले' म्हणून तिथेच बसत. मी किती काचा त्यांच्या हाताखालून जाताना पाहिल्या होत्या, पण इतके मन लावून त्यांना काम करताना कधी पाहिले नव्हते. दंतवैद्याच्या टेबलाचे सगळे ओरखडे गेले. खिळ्याचा तेवढा राहिला. तो इतका खोल होता की आणखी घासले तर मी पातळ होऊन कामातून गेले असते. मावशींनी काकांबरोबर बसून मला एकदा वाजवून पाहिले. आठ नकला सुरळीत झाल्या आणि नवव्यात घंटा वाजली तिथे मी अडकले.

रविवारी तिघेही आले. मावशींनी आधी सगळे कबूल केले. चांगली प्रत त्यांच्या हातून कशी गेली, हिला कबुतरांसाठी कशी दिली, आणि नवव्या नकलेत ही अडकते, काहीच लपवले नाही. म्हाताऱ्याने पाटीवर लिहिले, 'कबुतरं घाबरली का?' मावशी नाही म्हणाल्या. त्याने मान हलवली, जणू त्याला तेच वाटले होते.

मी फिरू लागले. पंखा कुरकुरला, लिफ्ट वर गेली, नवे बूट करकरले. माझ्या आतले लोक हसले आणि बाहेरचेही हसले, काका जरा उशिरा. वकीलबाईही हसली. पण तिची आई म्हणाली, ऐकलंस ना, हे आजोबा, तेव्हा तिने प्लेअरकडे पाहिले, आजोबांच्या गळ्यावरच्या रुमालाकडे पाहिले आणि निकाल दिला.

"हा दुसरा माणूस आहे. पेटीतून कुणाचाही आवाज येतो."

तिच्या आईचा तो खणखणीत आवाज एकदम बसला. म्हातारा पाटीवरची पेन्सिल नुसती फिरवत राहिला. मी पोटातले सगळे जीव तोडून ऐकवत होते, मित्रांनो, पण त्या पोरीचे म्हणणे खोटे कसे ठरवणार? आवाजावर काही कुणाचा चेहरा छापलेला नसतो.

नववी नक्कल आली. गुळण्यांचा सूर चढत चढत शिखरावर पोहोचला, घंटा वाजली आणि मी अडकले. टिंग, टिंग, टिंग, टिंग. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मावशींचा हात प्लेअरकडे गेला. तेवढ्यात काकांनी त्यांचे मनगट धरले आणि हळूच म्हटले, "थांब. त्यांच्याकडे बघ."

म्हाताऱ्याचे गाल फुगले होते. सात वर्षांत पहिल्यांदा. घंटा वाजतच होती आणि त्याने दचकून दाराकडे पाहिले. मोरी किती लांब आहे ते पाहिले. मग तोंडात न मावणारे पाणी सांभाळत त्याने मान मागे टाकली आणि आवाजाशिवाय 'एक' म्हटले. पलीकडच्याला कळले नाही. त्याच्या भुवया चढल्या. त्याने एक बोट नाचवत पुन्हा 'एक' म्हटले, जरा चिडून. आणि मग त्याचे गाल एकदम रिकामे झाले, डोळे मोठे झाले, पोटावर हात गेला. थोडा वेळ तो तसाच राहिला. शेवटी ओठ अगदी बारीक हलले.

मावशींनी प्लेअरवर हलकेच टिचकी मारली. मी ओरखड्यावरून उडी मारली आणि पुढे वाजू लागले. दूधवाल्याने विचारले, किती लिटर? गुळण्यांतून 'एक'. पुन्हा 'एक', जरा चिडून. गटकन आवाज. थोडा वेळ काही नाही. मग बारीक आवाजात, 'अरेरे'.

सभागृह हसले. खोलीत कुणीच हसले नाही. सगळे वकीलबाईकडे बघत होते.

ती उठली, प्लेअरपाशी गेली, पुन्हा आजोबांपाशी आली.

"पेटीच्या आधी तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारले.

म्हाताऱ्याने पाटीवर दोन शब्द लिहिले. ती नुकतीच वाचायला शिकत होती, म्हणून तिने ते अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचले. "मी-च आ-हे."

मग तिने कमरेवर हात ठेवला. "मग एवढे दिवस सांगितलं का नाही?"

म्हातारा हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते. त्याची मुलगी हसता हसता रडत होती की उलटे, ते मला सांगता येणार नाही. मावशी हसल्या आणि त्यांच्यानंतर, नीट तपासून, काका हसले.

निघताना मावशींनी मला माझ्या मूळच्या कोऱ्या डबीत घातले आणि म्हाताऱ्याच्या मुलीच्या हातात दिले. त्यांच्याकडे वाजणारी दुसरी प्रत नव्हती आणि पुन्हा मिळण्याची आशाही नव्हती. छंदिष्ट माणसाला हे किती जड जाते, ते त्या भिंतीवरच्या आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुलगी आभार मानायच्या आत म्हाताऱ्याने मला तिच्या हातून घेतले, मावशींना परत दिले आणि पाटीवर लिहिले, 'इथेच ठेवा. घरी हसायला दोनच माणसं. दर रविवारी येतो.'

आणि तो येतो. आता वकीलबाई शाळेतल्या मैत्रिणींना पुरावा दाखवायला घेऊन येते. वरच्या वहिनी येतात, डोळे तपासायला आलेली गिऱ्हाइके थांबतात, खोलीत बसायला जागा पुरत नाही. नववी नक्कल आली की सगळे प्लेअरकडे पाठ करून म्हाताऱ्याकडे तोंड करतात. मावशींनी बाकीच्या सगळ्या चिकटपट्ट्या तशाच राहू दिल्या आहेत, एकीलाही नख लावलेले नाही.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. आम्हाला कडेने धरा, पालथे टाकू नका, आमच्यावर काही चिकटवू नका, आणि चिकटवले असेल तर आता ओढू नका. घरात एखादी जुनी तबकडी धूळ खात पडली असेल, तर तिला गॅलरीत टांगण्यापूर्वी तिच्या पोटात कुणाचा आवाज आहे ते एकदा ऐका, आणि एकट्याने ऐकू नका. कबुतरे तसेही घाबरत नाहीत.

माझ्या डबीत हल्ली मावशींच्या सुबक अक्षरातली एक चिठ्ठी असते, नुसती ठेवलेली. त्यांच्यामागे मला जो कुणी वाजवेल, त्याच्यासाठी ती आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'नववी नक्कल घंटेपाशी अडकते. घाईने पुढे ढकलू नये. तिथून पुढे आजोबा करतात.'